लिमबाबाचं पांढरं पातेलं

लिमबाबाने ती वस्तू टेबलावर टाकली तेव्हा दगड पडल्यासारखा आवाज झाला. काळपट, वीतभर लांब, अंगभर सुरकुत्या आणि खाचांमध्ये चुन्यासारखी पांढरी पूड.

“ओळखा,” तो म्हणाला.

लिमबाबा आमच्या मालवाहू जहाजावरचा चीफ कुक. मूळचा पेनांगचा, साठीला टेकलेला, अंगाने काटकुळा. तीस वर्षं कोकणातल्या खलाशांबरोबर काढल्यामुळे तो मोडकीतोडकी हिंदी बोलायचा. त्याचं आणि आमचं बोलणं मी इथे साध्या मराठीत करून सांगतो, नाहीतर अर्धी गोष्ट कळायची नाही. मी त्याचा सेकंड कुक, जनार्दन तांडेल, राहणार देवबाग, तालुका मालवण. आणि माझ्या बाजूला कांदे सोलत उभा होता तो भालचंद्र केळुसकर, माझ्या मावशीचा मुलगा, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. घरात सगळे त्याला भाल्या म्हणत. मावशी दारात येऊन रडली म्हणून एजंटाच्या पाया पडून मीच त्याला या जहाजावर लावलं होतं. कांदा कसा धरायचा हेसुद्धा त्याला मी शिकवलं, हे आधीच सांगून ठेवतो.

मी ती वस्तू हातात घेतली. “कसलं तरी मूळ आहे. औषधी,” मी म्हणालो.

भाल्याने ती माझ्या हातातून घेतली, हुंगली, उलटी करून पोटाकडची रेघ पाहिली आणि हसायला लागला. “बाबा, हे आमच्याकडे आहे. खडपात, खडकाच्या फटींत, ओहोटीला. पाय पडला की पाणी मारतं अंगावर.”

“तोंड कुठे?”

भाल्याने एक टोक दाखवलं.

“खातं काय?”

“वाळू. इकडून वाळू घेतं, त्यातलं काय हवं ते ठेवतं आणि तिकडून धुतल्यासारखी वाळू टाकतं. श्वासपण तिकडूनच घेतं, मागच्या बाजूने.”

लिमबाबाने हातातली सुरी खाली ठेवली. “आणि संकट आलं तर?”

“पोट बाहेर टाकतं. आतडी, सगळं. लहानपणी आम्ही एकाला डबक्यात काठीने डिवचलं होतं. त्याने सगळं आतलं ओकून टाकलं आणि आपण तसंच रिकामं पडून राहिलं. मला वाटलं मेलं. मी रडलो. पण मग रोज जाऊन बघायचो. त्याच्या पाठीवर एक चट्टा होता, त्यावरून ओळखायचो. दीड-दोन महिन्यांनी बघतो तर परत वाळू खातंय! आतडी परत उगवली होती.”

लिमबाबाचा चेहरा असा उजळला की विचारू नका. तीस वर्षांत ही वस्तू त्याने शेकड्यांनी शिजवली असेल, पण ती जिवंत कशी जगते हे सांगणारा माणूस त्याला बहुधा पहिल्यांदाच भेटला होता. समुद्रकाकडी म्हणतात तिला. चिनी लोकांच्या लग्नात, मोठ्या मेजवानीत तिचा मान पहिला. उकडून, वाळूत पुरून, खरवडून, वाळवून ती चांदीच्या भावाने विकतात, हे सगळं तो भाल्याला सांगत होता. मला नाही, भाल्याला.

मी कांदे सोलायला लागलो. खरं सांगायचं तर त्या डबक्यावर मीही होतो. काठी माझी होती. डिवचलंही मीच. आतडी बाहेर आली तशी मी “शी” म्हणून निघून गेलो आणि हा पठ्ठ्या रोज जाऊन बघत बसला. वस्तू एकच, समुद्र एकच, पण लिमबाबापुढे उत्तरं सगळी त्याच्याकडे.

“दोन दिवस झाले मालकाची तार आलीय,” लिमबाबा म्हणाला. “हाँगकाँगला तो जहाजावर जेवायला येतोय. त्याची म्हातारी आईपण. तिच्यासाठी ही करायची. माझी ही शेवटची खेप. जेवणानंतर मी मालकाला सांगणार, पुढचा चीफ कुक कोण ते.”

हे सांगताना त्याने दोघांकडेही पाहिलं, पण आधी भाल्याकडे. एवढं मला दिसलंच.

गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, मी सात वर्षं काढली होती. लिमबाबा आजारी असताना वादळात पंचवीस माणसांचं जेवण मी एकट्याने रांधलं होतं. त्याची जागा मला मिळणार हे माझ्या घरी, देवबागात, सगळ्यांना माहीत होतं. बायकोने शेजारणींना सांगूनही टाकलं होतं. आणि दीड वर्षापूर्वी आलेला, मी आणलेला, भांडी घासण्यापासून सुरुवात केलेला भाल्या लिमबाबाच्या शेजारी उभा राहून आतड्यांच्या गोष्टी सांगत होता.

दुसऱ्या दिवशी लिमबाबाने एक नवं कोरं पांढरं एनॅमलचं पातेलं काढलं आणि भाल्याच्या हातात दिलं.

“हे तुझं,” तो म्हणाला. “या पातेल्याला तेल माहीत नाही. याला तेलाचा चमचा नाही, तेलाचं फडकं नाही, तेलाचा हात नाही. रोज पहाटे पाच वाजता पाणी बदलायचं. मंद आचेवर उकळी, मग झाकून ठेवायचं. थंड झालं की परत नवं पाणी. सात दिवस. रोज फुगत जाईल.”

“आणि तेल लागलं तर?” मी विचारलं.

“विरघळेल,” लिमबाबा म्हणाला. “हिला हाड नाही. जिवंतपणी मनात आलं तर दगडासारखी होते, मनात आलं तर पाण्यासारखी मऊ होऊन फटीत शिरते. मेल्यावर आपण तिला धरून ठेवायचं असतं. एक थेंब तेल, आणि ती सुटते. मग शेंबूड.”

भाल्याच्या उजव्या हातात पोवळ्याची चांदीची अंगठी होती. समुद्रात जिवाला काही होऊ नये म्हणून मावशीने घातलेली. लिमबाबाने ती काढायला सांगितली. भाल्याने साबण लावून ओढली, थंड पाण्यात हात बुडवून ओढली, पण पेर सुजलेलं, अंगठी त्याच्या पुढे येईना.

“राहू दे,” लिमबाबा शेवटी म्हणाला. “पण पातेल्याला हात लावण्याआधी रोज तिच्याखाली तांदळाच्या कोंड्याने घासायचं. आणि दुसऱ्या कुणाला तरी हात दाखवायचे. आपल्याला आपल्या हातावरचं तेल दिसत नाही.”

ही त्याची पद्धत होती. त्याच्या गुरूने त्याला घालून दिलेली, असं म्हणाला. रोज पहाटे भाल्या हात घासायचा आणि लिमबाबापुढे पंजे पसरायचा. लिमबाबा ते दिव्याखाली उलटसुलट करून बघायचा, अंगठी वरखाली सरकवून बघायचा आणि मान हलवायचा. मग भाल्या पातेल्याकडे जायचा. त्या चार दिवसांत माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सात वर्षांत त्या म्हाताऱ्याने माझे हात एकदाही बघितले नव्हते.

समुद्रकाकड्या मात्र फुगत होत्या, हे खरं. तिसऱ्या दिवशी भाल्याने त्यांची पोटं चिरून आतली वाळू आणि तोंडाजवळचा कडक चुनखडीसारखा गोळा काढला. मी येता-जाता बघायचो. दगड होते त्यांचे लाडू व्हायला लागले होते, शहाळ्यातल्या मलईसारखे लिबलिबीत, काळेभोर. चव? काहीच नाही. लिमबाबा म्हणायचा, तोच तिचा गुण. ज्या रश्शात घालाल त्याची चव ती घेते, आपली पुढे करत नाही.

“माणसांत असे थोडे असतात,” तो म्हणाला आणि भाल्याच्या पाठीवर थाप मारली.

त्या दिवशी डाळीला दोनदा मीठ पडलं माझ्या हातून.

पाचवा दिवस नरक चतुर्दशीचा.

जहाजावर आम्ही अकरा जण कोकणातले. कॅप्टनने पहाटे अंघोळीला गरम पाणी जास्त सोडायची परवानगी दिली होती. घरून आलेल्या पार्सलात मावशीने उटण्याच्या पुड्या आणि खोबरेल तेलाची बाटली पाठवली होती. सोबत चिठ्ठी: भाल्या, सणाला दादाच्या पाठीला तेल लाव, तोच तुला बापाच्या जागी आहे.

पहाटे चार वाजता भाल्याने मला उठवलं.

“दादा, उठा. पाणी कडकडीत आसा. पाठ द्या.”

“तुका पाच वाजता थयसर जावचा आसा मा?” मी म्हणालो. “तेल कित्याक लावतस?”

“आवशीन सांगलेला आसा. आणि सण वर्साचो एकदाच येता. हात घासान घेतंय मगे कोंड्यान, नेहमीसारखो.”

न्हाणीघरात वर मोठी ट्यूब होती, रात्रंदिवस जळणारी. त्या उजेडात मी पाट नसल्यामुळे उलट्या बादलीवर बसलो आणि भाल्याने माझ्या पाठीला तेल लावलं. चांगलं लावलं. मानेपासून कमरेपर्यंत, बोटांनी शिरा मोकळ्या करत, मावशी लहानपणी आम्हा दोघांना लावायची तसं. मला कुणी शेवटचं तेल कधी लावलं होतं आठवेना. कारीट कुठलं मिळायला बोटीवर; भाल्याने भाजीच्या कोठारातून एक लहान लिंबू आणलं होतं. मी ते पायाच्या अंगठ्याखाली फोडलं. दोघं मिळून “गोविंदा, गोविंदा” म्हणालो आणि बाहेरचा गुजराती इंजिनियर दचकला म्हणून खूप हसलो. तेवढा वेळ मी त्याच्यावर जळत नव्हतो. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण त्यामुळेच पुढचं जास्त वाईट आहे.

अंघोळ झाली. उटण्याचा वास सगळीकडे. भाल्याने साबणाने हात धुतले, मग कोंडा घेऊन घासले. पाच वाजत आले होते.

“लिमबाबा ताप येवन पडलो हा,” तो म्हणाला. “काल रात्रीच सांगल्यान, सकाळी माझ्याकडे येव नको, दादाक हात दाखव म्हणून. बघा वायच.”

आणि त्याने दोन्ही पंजे माझ्यासमोर पसरले.

त्या क्षणी मला मान मिळाला होता. लिमबाबाने माझं नाव घेतलं होतं. पण कशासाठी? भाल्याचे हात तपासण्यासाठी. म्हणजे पातेलं त्याचं, समुद्रकाकड्या त्याच्या, मालकाच्या आईची वाटी त्याची, लिमबाबाची जागा त्याची, आणि मी? मी त्याच्या नखांवर लक्ष ठेवणारा पहारेकरी.

मी हात धरले. उलटे केले. सुलटे केले. ट्यूबच्या उजेडात अंगठी थोडी सरकवली. तिच्या खाली, पेराच्या वळीत, एक बारीक पिवळट ओघळ चमकत होता. सुईच्या टोकाएवढा, पण चमकत होता. तो कोंडा तिथपर्यंत पोचला नव्हता. ते तेल माझ्या पाठीचं होतं.

अंगठी मी परत जागेवर सरकवली.

“साफ आसत,” मी म्हणालो. “जा, उशीर होता.”

तो गेला.

मी न्हाणीघरात ओल्या पंच्याने उभा राहिलो. त्याला हाक मारायला अजून वेळ होता. गॅली तीस पावलांवर. मी पावलं मोजत राहिलो. मग झाकण काढल्याचा आवाज आला, मग पाण्याचा. मी कपडे घातले आणि सगळ्यांसाठी पोहे करायला घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिमबाबा ताप उतरल्यावर गॅलीत आला. त्याने पातेल्यावरचं कापड काढलं आणि झाकण उचललं. मग लाकडी चमच्याने एक समुद्रकाकडी उचलायला गेला, तर ती चमच्याच्या दोन्ही बाजूंनी ओघळली. कडा सुटलेल्या, अंगं खरवडल्यासारखी, पाणी गढूळ आणि चिकट. वीसच्या वीस.

“हात कुणी लावला?”

“मी,” भाल्या म्हणाला.

“कोंडा?”

“घासला होता, बाबा.”

“हात कुणाला दाखवले?”

भाल्या माझ्याकडे बघायच्या आत लिमबाबा माझ्याकडे वळला. “तू पाहिलेस?”

मला अजूनही आठवतं, चुलीवर दूध उतू जायला आलं होतं आणि मी आधी ते खाली घेतलं. मग म्हणालो, “नाही. मी अंघोळ करत होतो. मला कुणी हात दाखवले नाहीत.”

मी भाल्याकडे बघितलं नाही. त्याने एक शब्द बोलायचा अवकाश, माझं सात वर्षांचं सगळं गेलं असतं. मी तो शब्द यायची वाट बघत दुधावरची साय हलवत राहिलो.

“माझी चूक झाली,” भाल्या म्हणाला. “काल आमचा सण होता. तेल लावलं होतं. घाईत मी कुणालाच दाखवले नाहीत.”

लिमबाबा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने पातेलं उचललं, मागच्या दारातून बाहेर नेलं आणि समुद्रात उपडं केलं. परत आला तो मला म्हणाला, “अळंबी काढ. कोरडी, मोठी. मालकाच्या आईला अळंबीचं करू.”

माझं नाव त्याने दोन दिवसांनी मालकाला सांगितलं. मालकाची आई मात्र अळंबीच्या वाटीकडे बघून हसली आणि थोडंसं खाऊन बाजूला ठेवलं, आणि लिमबाबा मागे उभा राहून ते बघत होता. तीस वर्षांच्या नोकरीतलं शेवटचं जेवण त्याचं.

मेजवानी आटोपल्यावर, त्याच दिवशी दुपारी, केबिनमध्ये भाल्या माझ्या बंकच्या काठावर येऊन बसला. मी झोपेचं सोंग घेतलं, पण त्याला ते कळत असावं.

“दादा,” तो म्हणाला, “तुमी मनाक लावन घेव नको. न्हाणीत काळोख होतो. तुमका दिसाक नाय, एवढाच.”

मी डोळे उघडले नाहीत. काळोख! ट्यूबखाली उभे होतो आम्ही दोघं, तिचा उजेड त्याच्या अंगठीतल्या पोवळ्यावर पडलेला मला दिसला होता. मला वाटलं, हा वेडा आहे. मग वाटलं, हा वेडा नाही. तिसरं जे वाटलं ते मी तेव्हा पुरतं वाटू दिलं नाही.

तो करार संपला तसा उतरला आणि परत कधी बोटीवर चढला नाही. मी एकोणीस वर्षं चीफ कुक राहिलो. वर्षा-दोन वर्षांतून एखादी मेजवानी यायची आणि समुद्रकाकड्या भिजवाव्या लागायच्या. ते काम मी कधी दुसऱ्याला दिलं नाही. सातही दिवस पहाटे स्वतः हात घासायचो, आणि ते दाखवायचे कुणाला, हा प्रश्न दरवेळी यायचा. मी कुणालाच दाखवायचो नाही.

भाल्याने गावात येऊन घराच्या पडवीत चार बाकं टाकली आणि माशांची खानावळ काढली. आज तुम्ही देवबागला आलात तर तिच्यासमोर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग दिसेल. बांगड्याचं तिखलं खायला लोक तासभर उभे राहतात. मी रिटायर होऊन आलो तेव्हा ती रांग बघितली आणि मला परत पोटात दुखलं. होय, तेव्हाही. इतक्या वर्षांनीही. मी जगभरच्या बंदरांत जेवणं रांधली आणि इथे माझ्या दारात कुत्रंही येत नाही, आणि भाल्याच्या हाताखाली सहा माणसं. माणूस एकदा जळायला लागला की त्याला विझायचं कसं ते कळत नाही.

ओहोटीला कधीकधी मी खडपात जातो. समुद्रकाकड्या अजून आहेत. आता आपल्याकडे त्यांना पकडायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे कुणी हात लावत नाही. त्या आपल्या सावकाश वाळू खातात आणि स्वच्छ करून टाकतात. मी काठी नेत नाही.

पण एक गोष्ट भाल्याने सोडली नाही. मी घरी आल्यापासून दर नरक चतुर्दशीला, खानावळीत दिवाळीच्या गिऱ्हाइकांची झुंबड असतानासुद्धा, तो पहाटे तेलाची वाटी घेऊन माझ्या दारात यायचा.

“दादा, पाठ द्या.”

आणि दरवर्षी मी काहीतरी सांगायचो. सर्दी आहे. अंगावर पुरळ आलंय. डॉक्टरने तेल नको म्हटलंय. बायको आतून बघायची. भाल्या वाटी ओट्यावर ठेवून, थोडा वेळ बसून, चहा पिऊन जायचा.

यंदा मी त्र्याहत्तर वर्षांचा झालो, तो चौसष्ट. यंदा बायकोने माझं काही ऐकून घेतलं नाही. पहाटे पाट मांडला, कारीट ठेवलं आणि भाल्याला म्हणाली, “लाव रे. मी बघतंय कसो नको म्हणता तो.”

मी बसलो. ओसरीवरचा दिवा नवा होता, पांढरा फटफटीत. भाल्याने मानेपासून सुरुवात केली. बोटं जाड झाली होती त्याची, पण शिरा मोकळ्या करायची ढब तीच. उजवी बाजू झाली. डावीकडे येता येता त्याचे हात थांबले.

तो फिरून माझ्यासमोर आला. गुडघ्यावर बसला, धोतराला हात पुसले, आणि दोन्ही पंजे पसरून माझ्या तोंडासमोर धरले.

“दादा,” तो म्हणाला, “वायच बघा हां. साफ आसत मा?”

बायकोला वाटलं थट्टा चाललीय. ती हसली आणि पाणी आणायला आत गेली.

मी त्याचे हात धरले. अंगठी अजून तिथेच होती, मांसात रुतलेली, आता तर ती कापूनच काढावी लागेल. मी ती तसूभरसुद्धा सरकवू शकलो नाही. सरकवायची गरजही नव्हती. तिच्या कडेने पिवळा ओघळ चमकत होता. माझ्या पाठीचा.

एवढी वर्षं हा हेच मनात ठेवून वाटी घेऊन येत होता. आणि खरं सांगतो, त्या क्षणीसुद्धा मला त्याचा हेवाच वाटला. इतकं पोटात ठेवून रिकामा न होणारा माणूस मी कधीच होऊ शकलो नसतो.

“नाय,” मी म्हणालो. “साफ नाय. आंगठीखाली तेल आसा.”

“खरा?”

“खरा.”

तो हातांकडे बघत राहिला. “तेवाय होता? बोटीवर?”

“तेवाय होता. माका लख्ख दिसला होता.”

भाल्याने मान हलवली, लिमबाबा हलवायचा तशी, एकदाच. मग त्याने वाटी उचलली, उठला आणि माझ्या मागे गेला.

“बसा सरळ,” तो म्हणाला. “अर्धी पाठ रवली हा.”